अकरा पट

आधी पैसा आला नाही.
आधी यादी आली, सिंगापूरहून:
एकशे बेचाळीस कागद, शुक्रवारपर्यंत.

भोसरीतल्या आमच्या ऑफिसची कपाटं मी उघडली.
ब्याण्णव सालची चलनं, कडा वाळवीनं खाल्लेल्या,
जकातीच्या पावत्या.
जकात गेली, नाका गेला,
पावत्या मी ठेवून दिल्या होत्या
कशासाठी, ते आता मलाच सांगता येईना.

तपासायला आलेली रुजुता नाडगौडा
सव्वीस-सत्तावीसची असेल.
स्क्रीनवरची नजर न काढता डबा खायची.
"टेंबेबाई, ही वही कसली?"
उचलीची, म्हटलं.
हणमंत कुचेकर, बहिणीचं लग्न, अठरा हजार.
इस्माईल तांबोळी, मोतीबिंदू, उजवा डोळा, सहा हजार.
"व्याज?"
नाही.
"परतफेड?"
काहींची आहे. काहींची शेठ लिहू देत नाहीत.
तिनं काहीतरी टाइप केलं.
वाईट वागली असं मी म्हणणार नाही,
पानं उलटताना हात जपून होता तिचा.

गणित तिनंच समजावलं मला.
कंपनीची किंमत म्हणजे वर्षाच्या नफ्याच्या अकरा पट.
एक रुपया वाचला की किंमत अकरानं वाढते.
साडेतीनचा चहा, आलं घातलेला,
वर्षाला दोन लाख चाळीस हजार.
गुणिले अकरा मी तोंडीच केलं:
सव्वीस लाख चाळीस.
तेहतीस वर्षं बेरजा केल्या इथं,
आल्याचा वास कधी गुणला नव्हता.

मग एक दिवस भिंतीवर नकाशा उजळला.
व्हिएतनाम, नायजेरिया, ब्राझील,
आणि एक ठिपका आमचा.
वर लिहिलं होतं, उगवत्या बाजारपेठा.
ढमढेरे शेठ मागच्या खुर्चीतून हळूच म्हणाले,
"एकोणऐंशीपासून उगवतोयच की आपण.
यांच्या डोळ्यांवर ऊन आत्ता आलं."

सही बाणेरला झाली, काचेच्या खोलीत.
एकावन्न टक्के.
शेठनी खिशातलं पेन काढलं, ते उमटेना,
त्यांच्या वकिलानं आपलं पुढं केलं.
येताना गाडीत शेठ काही बोलले नाहीत,
फक्त नाशिक फाट्याला म्हणाले,
पाच वर्षांनी हे दुसऱ्याला विकणार म्हणे.
एक्झिट म्हणतात त्याला.
मला नाट्यगृहातली ती लाल अक्षरं आठवली,
प्रयोग चालू असतानाही पेटलेली.

जायच्या दिवशी रुजुताला विचारलं,
पैसा नक्की कुणाचा गं?
"फंडाचा."
आणि फंडात?
"बऱ्याच जणांचा. कॅनडातल्या शिक्षकांचं पेन्शनसुद्धा आहे."

तेव्हापासून ती बाई माझ्या डोक्यात येऊन बसते.
निवृत्त, गुडघे धरलेले, खिडकीबाहेर बर्फ.
एक तारखेला खात्यात रक्कम जमा होते
आणि ती औषधं आणायला निघते.
स्प्रिंग कशी वळतात, तार किती तापवतात,
तिला काय माहीत, आणि का असावं?
पण तिच्या काढ्यात थोडं
आमचंही आलं आहे.
राग येत नाही तिचा.
माझं पेन्शन दोन हजार एकशे सत्तर बसणार आहे,
ते कुणाच्या चहातून येतं
मी तरी कुठं विचारलं?

वही मला परत मिळाली.
नव्या सिस्टिममध्ये तिला रकाना नाही, एवढंच.

काल इस्माईल आला, दारातच उभा राहिला,
डावा डोळा चोळत.
मी वही काढली, पेनाचं टोपण काढलं
आणि बोटं आपोआप चालली:
सहा हजार, बुडीत धरले तर,
गुणिले अकरा.
सहासष्ट हजार.

टोपण लावलं. पुन्हा काढलं.
बस रे, म्हटलं त्याला,
चहा येईलच आता.

साडेतीन वाजून गेले होते.